परिषद पाहून बोलावे : वैद्य, फार्मसी आणि ऑनलाइन समूहांची निवड

आमच्या आर्णीत बाबा कंबलपोश यांचा उरूस भरतो. उरसात दुकान मांडणारा जाणता व्यापारी आधी माल काढीत नाही. तो जागा पाहतो. बांगडीवाला स्त्रियांची ये-जा जेथून होते ती वाट धरतो, खेळणीवाला पाळण्यांच्या बाजूस सरकतो. जडीबुटीवाला मात्र गर्दी दिसेल तेथे चादर पसरतो, कारण उद्या त्याला त्या गावात राहावयाचे नसते. व्हॉट्सॲप, फेसबुक आदी ऑनलाइन समूहांत आपल्यातील पुष्कळ वैद्य आणि फार्मसीमालक या शेवटच्या दुकानदारासारखे वागतात, असे आमचे मत झाले आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही तसेच वागत होतो. त्याचा जो परिणाम भोगावा लागला, त्यातून प्रस्तुत लेख लिहावासा वाटला.

त्या काळी आम्ही ३७ समूहांत होतो. कोणी जोडले की नकार द्यावयाचा नाही, हा नियम. एके दिवशी मधुमेहावर एक टिपण लिहिले : आहार, चालणे, हळद व आवळ्याचा निशामलकी योग आणि शेवटी, चालू असलेली औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करू नयेत, अशी सूचना. ते टिपण सर्व ३७ ठिकाणी पाठविले. खाली नाव, दवाखान्याचा पत्ता आणि भ्रमणध्वनी. तीन आठवड्यांनी तालुक्यातील एका खेड्यातला तरुण दवाखान्यात आला. त्याने काही न बोलता फोन पुढे केला. टिपण आमचेच होते, नावही आमचेच होते. परंतु शेवटची सूचना कोणीतरी कापून टाकली होती आणि वर 'इन्सुलिनपासून कायमची मुक्ती' असा मथळा चढविला होता. त्याच्या वडिलांनी आठ दिवस इन्सुलिन घेतले नव्हते. शुद्ध हरपल्यावर त्यांना यवतमाळला न्यावे लागले. ते वाचले. मुलाने एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, हे तुमीच लिहिलं ना?"

होय म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तरी खोटे. पुढे आम्ही त्या मजकुराचा माग काढण्याचा प्रयत्न केला. तो कोणी कापला ते कळले नाही. पण कोणत्या समूहातून निघाला ते कळले. दोनशेहून अधिक सभासदांच्या, सर्व गावांच्या, सर्व विषयांच्या एका समूहातून. तेथे आम्ही फार तर दहा जणांना ओळखत होतो. तेच टिपण आमच्या जुन्या रुग्णांच्या साठ जणांच्या समूहातही गेले होते. तेथे दोघांनी फोन करून, आपल्या चालू गोळ्यांसोबत हे घ्यावे काय, असे विचारले होते. लेखक तोच आणि शब्दही तेच होते. भेद होता तो फक्त परिषदेचा.

'परिषद' हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात संभाषाविधी सांगताना आचार्यांनी परिषदेची परीक्षा सांगितली आहे, हे पदवीच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी वाचले आहे. परीक्षेनंतर ते बहुधा विसरलो. परिषद दोन प्रकारची : ज्ञानवती आणि मूढ. त्या प्रत्येकीचे पुन्हा तीन प्रकार : सुहृद्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट, म्हणजे मित्रभावाची, तटस्थ आणि आधीच विरुद्ध मत बांधून बसलेली. प्रतिनिविष्ट परिषदेत, ती ज्ञानवती असो वा मूढ, कोणाशीही वाद करू नये, असा स्पष्ट निर्देश आहे. मूढ परंतु मित्रभावाच्या किंवा तटस्थ परिषदेत मात्र ज्ञानाचे बळ नसतानाही वाद जिंकता येतो, असे आचार्य सांगतात. वादशास्त्राच्या दृष्टीने तो डावपेच आहे. आजच्या संदर्भात आम्ही त्याकडे सावधगिरीची सूचना म्हणून पाहतो. ज्या समूहात मंडळी भाबडी आणि आपल्याविषयी सद्भाव बाळगणारी असतात, तेथे अर्धवट बोलणाऱ्याचीही वाहवा होते. अशा समूहात आपल्याला मिळालेल्या अंगठ्यांच्या आणि फुलांच्या चित्रांवरून आपल्या विद्येचे मोजमाप करू नये.

सूत्रस्थानातील दशप्राणायतनीय अध्याय याहून झोंबणारा आहे. प्राणाभिसर आणि रोगाभिसर अशा दोन प्रकारच्या वैद्यांचे वर्णन तेथे येते. कोणी आजारी असल्याचे कानी पडताच हे रोगाभिसर त्याच्याभोवती गोळा होतात, त्याला ऐकू जाईल अशा रीतीने आपले गुण उच्च स्वरात सांगतात, चालू असलेल्या वैद्याचे दोष पुनःपुन्हा काढतात आणि रुग्णाच्या मित्रांना गोड बोलून आपलेसे करू पाहतात. फेसबुकवर कोणी बिचाऱ्याने 'गुडघेदुखीवर चांगला वैद्य सुचवा' असे लिहिल्यावर खाली ज्या चाळीस प्रतिक्रिया येतात, त्या हे वर्णन समोर ठेवून वाचाव्यात.

आता समूहांच्या स्वभावाकडे वळू. ऑनलाइन मराठी माणूस पूर्वीपासून समूह करून राहतो. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले. आहार-आरोग्यावरील तेथील जुने धागे पाहिले तर एक गोष्ट ध्यानी येते. अशा ठिकाणी नुसत्या जाहिरातीला वाचक थारा देत नाहीत. परंतु वर्षानुवर्षे शांतपणे शंकांची उत्तरे देणाऱ्याचे नाव लोक स्वतःहून इतरांस सुचवितात. २००४ साली 'ऑर्कुट' आले. त्यावरील समूहांना 'कम्युनिटी' असेच म्हणत. आयुर्वेदाच्या नावाच्या तेथील समूहांत आपल्यातील अनेकांनी उत्साहाने वेळ घातला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले आणि तेथे जमविलेला गोतावळाही विखुरला. समूह कितीही मोठा असला तरी जागा परक्याची असते, हे त्या वेळी आम्हांस समजले. तेव्हापासून रुग्णांची नावे व संपर्क दवाखान्याच्या वहीत हाताने लिहून ठेवण्याची सवय आम्ही सोडलेली नाही. नव्या पिढीचे वैद्य त्यावर हसतात, हसोत.

शहरातील एक यशस्वी उदाहरण सांगण्यासारखे आहे. पुण्यात सोनिया कोंजेती यांनी २०१५ साली 'पुला' हा केवळ स्त्रियांचा फेसबुक समूह सुरू केला. तो फार मोठा झाला आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या अनेक स्त्रियांना त्यातून गिऱ्हाईक मिळाले. आमच्या दृष्टीने त्यात पाहण्याजोगी बाब सभासदसंख्येची नाही. समूहाला एक निश्चित वस्ती आहे, एक निश्चित सभासदवर्ग आहे, आणि विकणारी व घेणारी एकाच शहरात राहत असल्याने फसवणूक झाली तर तोंड लपविणे कठीण जाते. 'भारतातील सर्व आयुर्वेदप्रेमी' अशा नावाच्या लाखभर सभासदांच्या समूहात हे बंधन नसते. आर्णीच्या वैद्याला तेथून रुग्ण येण्याचा संभवही नसतो. बिजनौरच्या माणसाने आमच्या लेखाला शाबासकी दिली म्हणून तो बस्तीसाठी अरुणावतीच्या काठी थोडाच येणार आहे?

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी खरा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. त्याच्या सामर्थ्याची काळी बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्या जमातीच्या माणसांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती, एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, अशी मर्यादा घातली. समूह हे एका क्षणात मूढ परिषद होऊ शकतात, याचे यापरते भयंकर उदाहरण नाही. औषधाची अफवा माणसाला एवढ्या झटपट मारत नाही. परंतु मारत नाहीच असे नाही.

भाषेचाही विचार हवा. आमच्या तालुक्यात बंजारा तांडे आहेत, कोलामांचे पोड आहेत. आम्ही लिहितो तशी प्रदीर्घ मराठी टिपणे तांड्यावरच्या समूहात कोणी वाचीत नाही, हे आम्हांस दोन वर्षांनी कळले. आमच्या एका बंजारा परिचारिकेने गोरमाटी बोलीत दीड मिनिटाचा आवाजी संदेश केला, तेव्हा पाळीच्या तक्रारींसाठी स्त्रिया प्रथमच मोकळेपणाने येऊ लागल्या. सबब समूह निवडताना तेथील मंडळी वाचणारी आहेत की ऐकणारी, हेही पाहावे.

आणखी एक गोष्ट यवतमाळ जिल्ह्याच्या वैद्याला विसरता येत नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतरच्या एका हंगामात, ज्या समूहात आम्ही आमच्या तेलाची माहिती देत असू, त्याच समूहात रात्री नऊच्या सुमारास एकाने लिहिले की, फवारून आल्यापासून भोवळ येते, डोळ्यांना अंधुक दिसते, कोणता काढा द्यावा? खाली तीन उत्तरे येऊनही गेली होती : ताक, लिंबू, तुळशीचा रस. आम्ही लिहिण्याऐवजी फोन केला आणि अंगावरचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा सोबत घेऊन त्यांना थेट रुग्णालयात पाठविले. ज्या समूहात आपण स्वतःस 'डॉक्टर' म्हणून मांडतो, त्या समूहाची ही जबाबदारी आपल्या शिरावर येते. ३७ समूहांत रात्री नऊ वाजता कोण काय विचारतो, हे कोणा एका माणसाला पाहता येईल काय? ज्या समूहावर आपली नजर राहू शकत नाही, तेथे आपला फलक लावू नये, असे आम्ही यावरून ठरविले.

कोविडच्या काळात आपल्या शास्त्राला या समूहांनी जेवढे डोक्यावर घेतले तेवढेच अडचणीतही आणले. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० रोजी तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घेण्याविषयी सांगितले. समूहांतून फिरता फिरता मनुका गळाली, मिरीचे प्रमाण वाढले आणि दोन वेळांचे पाच वेळा झाले. विदर्भातील ऐन वैशाखात, पित्तप्रकृतीच्या माणसांनी तो प्याला. तोंड आलेले, मूळव्याधीचा रक्तस्राव वाढलेले किती रुग्ण आम्ही त्या उन्हाळ्यात पाहिले, याची मोजदाद ठेवली नाही. १ एप्रिल २०२० रोजी मंत्रालयाला, कोविड बरा करण्याच्या दाव्यांची प्रसिद्धी थांबविण्याचा आदेशही काढावा लागला होता.

यानंतर कायद्याचा विचार ओघानेच येतो. औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा छापील जाहिरातींपुरता आहे, असा समज आपल्यांत फार पसरलेला आहे. त्यातील जाहिरातीची व्याख्या पाहावी. सूचनापत्र, परिपत्रक, वेष्टन यांपासून तोंडी घोषणेपर्यंत आणि प्रकाश, ध्वनी वा धूर उत्पन्न करून वा प्रसारित करून केलेल्या घोषणेपर्यंत ती पोहोचते. १९५४ साली ज्यांनी धुराचाही विचार केला, त्यांच्या शब्दांतून भ्रमणध्वनीचा पडदा निसटेल अशी आशा बाळगू नये. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, श्वित्र, मूतखडा, स्थौल्य, रक्तदाब इत्यादी अनुसूचीतील रोग बरे करण्याच्या औषधाची जाहिरात निषिद्ध आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, पुढील अपराधास एक वर्षापर्यंत. नोंदणीकृत वैद्याने आपल्या जागेवर, अमुक रोगावर उपचार केले जातात, असा फलक लावण्यास कलम १४ ची मोकळीक आहे. पण ती त्या जागेपुरती. आपला फलक छायाचित्र काढून तीनशे जणांच्या समूहात टाकला की ती मोकळीक सोबत येते, असे आम्हांस वाटत नाही.

फार्मसीमालकांसाठी त्याच कलमातील दुसरी तरतूद महत्त्वाची आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांस गोपनीय रीतीने पाठविलेल्या औषधमाहितीस सवलत आहे. मात्र १९५५ च्या नियमांनुसार ती नावानिशी टपालाने पाठवावयाची असून, ती केवळ नोंदणीकृत व्यावसायिक, रुग्णालय वा प्रयोगशाळेच्या उपयोगासाठी आहे, असे शीर्षभागी ठळक छापावे लागते. व्हॉट्सॲपचा समूह या शब्दांत बसत नाही. निदान एवढे तरी व्हावे की फार्मसीने वैद्यांचा समूह केल्यास प्रत्येक सभासदाचा नोंदणी क्रमांक पाहूनच प्रवेश द्यावा. आम्ही अशा एका समूहात होतो. त्यात सहा महिन्यांनी किराणा दुकानदार, एक विमा प्रतिनिधी आणि कोणाचा तरी मेहुणा निघाला. रसौषधींच्या मात्रांची चर्चा मेहुण्यासमोर चालली होती.

जाहिरातीपूर्वी राज्य परवाना प्राधिकाऱ्याची मान्यता घेण्यास निर्मात्यांना सांगणारा नियम १७० हा २०१८ साली आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने केंद्राने तो वगळला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघताना ती स्थगितीही संपली. यावरून काही फार्मसीवाल्यांनी 'आता मोकळे झालो' असे म्हटलेले आम्ही ऐकले. १९५४ चा अधिनियम कोठेही गेलेला नाही. याच प्रकरणात पतंजलि आयुर्वेदाला फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली होती आणि पुढे जाहीर माफी मागावी लागली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण कोण?

समूहाचे ॲडमिन होण्यास पुष्कळ जण भितात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू वा पूर्वनियोजन दिसत नसेल तर केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला आहे. म्हणून ॲडमिन होण्यास हरकत नाही. उलट आपल्या रुग्णांच्या समूहाचे ॲडमिनपद दुसऱ्याकडे देऊ नये.

फार्मसीमालकांना आम्ही आणखी एक सुचवू. ग्राहकांचे समूह शोधण्याआधी कच्च्या मालाचे समूह शोधावेत. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने सी-डॅकच्या साहाय्याने उभारलेले 'ई-चरक' हे व्यासपीठ वनौषधी विकणाऱ्या-घेणाऱ्यांसाठीच आहे. अंजनगाव सुर्जी, अकोट भागातील पानपिंपळी व सफेद मुसळीचे उत्पादक परस्परांशी संपर्कात असतात. अशा मंडळींच्या समूहात बसले की कोणत्या वर्षी पाऊस लांबला, माल ओला आला, भाव का चढला हे महिनाभर आधी कळते. तेथे जाहिरात करावयाची नसते, फक्त ऐकावयाचे असते. मात्र बेणे विकून 'सर्व माल आम्हीच परत घेऊ' असे सांगणारा कोणी तेथे दिसला तर त्या समूहातून निघावे. मुसळीच्या नावावर विदर्भात पूर्वी जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

नवीन समूहात गेल्यावर आम्ही आता पंधरा दिवस काहीही लिहीत नाही. रोगपरीक्षेत दर्शन आधी आणि प्रश्न नंतर, तसेच येथे. विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे मिळतात की वर आणखी चार सुप्रभात येऊन प्रश्न बुडतो, चुकीच्या मजकुरावर कोणी हरकत घेतो काय, हरकत घेणाऱ्यास इतर मंडळी काय म्हणतात आणि ॲडमिन कधी काही काढून टाकतो काय, एवढे पाहिले की पुरते. ज्या समूहात एकही माणूस 'हे खरे नाही' असे म्हणत नाही, तेथे आम्ही राहत नाही. ज्यात प्रत्येक गोष्टीवर 'आयुर्वेद म्हणजे थोतांड' असे म्हणणारे ठाण मांडून आहेत, तेथेही राहत नाही. ती प्रतिनिविष्ट परिषद होय. आपले तरुण वैद्य तेथे रात्र-रात्र भांडतात आणि सकाळी दवाखान्यात जांभया देतात.

वैयक्तिक सल्ला समूहात देत नाही. एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यावसायिकांसाठी दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत रुग्णाची ओळख, संमती आणि वैद्याचा नोंदणी क्रमांक यांना जे स्थान आहे, ते शंभर जणांसमोर पाळताच येत नाही. 'आधी आणि नंतर' अशी त्वचारोगाची छायाचित्रे तर संमतीनेही टाकू नयेत, असे आमचे ठाम मत आहे. लहान गावात चेहरा झाकला तरी हातावरच्या गोंदणावरून माणूस ओळखू येतो. दिलेला मजकूर लहान ठेवतो, आणि काळजीची सूचना शेवटी न ठेवता पहिल्या वाक्यात गुंफतो, म्हणजे ती कापली तर वाक्यच मोडेल.

आज आम्ही पाच समूहांत आहोत : आमच्या रुग्णांचा एक, तालुक्यातील वैद्यांचा एक, वनौषधी उत्पादकांचा एक, तांड्यावरील स्त्रियांचा आमच्या परिचारिकेने चालविलेला एक, आणि पाचवा त्या तरुणाच्या गावाचा. त्याचे वडील आता बरे आहेत, इन्सुलिन नियमित घेतात. तो त्या समूहाचा ॲडमिन आहे. आरोग्याविषयी काहीही आले की तो ते आधी आम्हांस पाठवितो. गेल्या आठवड्यात मूतखडा तीन दिवसांत विरघळविणाऱ्या पानांचा मजकूर आला होता. खाली एका वैद्यांचे नाव आणि क्रमांक होता. त्या वैद्यांना आम्ही फोन केला. त्यांनी तसे काही लिहिलेच नव्हते.